मीटिंगची टिपणं माझ्याच गळ्यात का?

प्रश्न : सहा जणांच्या टीममध्ये मी एकटीच बाई. मीटिंगची टिपणं, निरोप समारंभाची वर्गणी, नवीन माणसाला कामाची माहिती देणं, सगळं माझ्याकडेच येतं. नाही म्हटलं की मी 'आखडू'. काय करू?

उत्तर : दोष तुमच्या स्वभावाचा नाही. अमेरिकी अर्थतज्ज्ञ लिंडा बॅबकॉक आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, श्रेय न मिळणाऱ्या कामासाठी मिश्र गटांत स्त्रिया पुरुषांपेक्षा ४८ टक्के जास्त वेळा पुढे झाल्या. गटात फक्त पुरुष असले की मात्र तेही तेवढेच पुढे येत! म्हणजे आवडीचा संबंध नाही. 'ती करेल' हे सगळ्यांनी, तिनेही, गृहीत धरलेलं असतं.

दोन आठवडे नोंद ठेवा : काम कोणतं, कोणी सांगितलं, किती मिनिटं गेली. ती वरिष्ठांना दाखवून पाळी लावायला सांगा. एकटीने नकार देण्यापेक्षा हे बरं, कारण रोष तुमच्यावर येत नाही. 'आज कोण लिहितंय?' हा प्रश्नच बंद व्हायला हवा. तो विचारला की पाच जण मोबाइलमध्ये डोकं घालतात आणि पेन तुम्ही उचलता. आडनावांच्या क्रमाने नाव ठरवून ते मीटिंगच्या निमंत्रणातच लिहावं.

एखादा मुद्दाम गचाळ टिपणं काढेल. ती सुधारून देऊ नका, नाहीतर काम परत तुमच्याकडेच! जुना नमुना पाठवा आणि त्यालाच पुन्हा लिहू द्या. नवीन माणसाला शिकवण्याचे तास मात्र वार्षिक मूल्यमापनात लेखी मांडा. ते खरं काम आहे.