'सायटोकाइन'ला पेशीविष म्हणू नका

प्रश्न असा आलाय: कर्करोगाच्या उपचारांवरच्या मराठी मजकुरात 'सायटोकाइन'साठी 'पेशीविष' असा शब्द दिसतो, तो योग्य आहे का?

साफ चूक आहे. पेशीविष म्हणजे सायटोटॉक्सिन. सायटोकाइन हे पेशींनी सोडलेलं छोटं प्रथिन, एका पेशीने दुसरीला धाडलेला निरोप. 2020 पासून हा घोळ फार वाढलाय. 'सायटोकाइन वादळ' हे शब्द कानावर पडले आणि सायटोकाइन म्हणजे करोनाने सोडलेलं विष, अशी समजूत होऊन बसली. वादळ विषाणूचं नव्हे, आपल्याच शरीराचं असतं. निरोपांचा भडिमार थांबेनासा होतो आणि फुफ्फुसं, रक्तवाहिन्या भरडल्या जातात. तरीही 'सायटोकाइन वाढवणारा काढा' विकणारे आहेतच. नेमकं कोणतं वाढवणार, हे त्यांना एकदा विचारा.

नाव 1974 सालचं, स्टॅन्ली कोहेन आणि सहकाऱ्यांनी दिलेलं. (वाढघटकांसाठी 1986 चं नोबेल मिळालं ते स्टॅन्ली कोहेन निराळे.) आधी 'लिम्फोकाइन' म्हणत, पण असे पदार्थ लिम्फोसाइट (रोगाशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) नसलेल्या पेशीही सोडतात असं दिसलं आणि ते नाव तोकडं पडलं. यातलं 'काइन' ग्रीक 'किनेइन'वरून, म्हणजे हलवणं, सिनेमातलं 'सिने' तेच. 'सायटो' ग्रीक 'क्युतोस'वरून, म्हणजे पोकळ भांडं. इंग्रजी 'सेल'चंही तसंच: 1665 मध्ये रॉबर्ट हुकने बुचाच्या कापात रिकामे कप्पे पाहिले आणि खोलीचा शब्द त्यांना चिकटवला. हिंदीतली 'कोशिका' कोशावरून आली, म्हणजे पुन्हा वेष्टनच. तिघांनीही डबा पाहिला, आतला ऐवज नाही पाहिला!

आपली 'पेशी' मात्र संस्कृतात मांसाचा गोळा. भरीव, जिवंत. सुश्रुत शरीरात पाचशे पेशी मोजतो, त्या स्नायू आहेत, म्हणून 'सेल'साठी पेशी हा शब्दच चुकला, सगळ्यांनी 'कोशिका' म्हणावं, असं काही परिभाषापंडित आग्रहाने सांगतात. त्यांनी सुश्रुतसंहितेतल्या शारीरस्थान या भागाचा तिसरा अध्याय नीट वाचावा. दुसऱ्या महिन्यात गर्भ घट्ट होतो, तेव्हा त्याचे तीन आकार सुश्रुत सांगतो: पिंड असेल तर पुरुष, पेशी असेल तर स्त्री, अर्बुद असेल तर नपुंसक. लिंगनिदान सोडून द्या, ते खरं नाहीच. शब्द बघा! पिंडावरून आपण 'प्रतिपिंड' केला, म्हणजे अँटिबॉडी. पेशी म्हणजे सेल. अर्बुद म्हणजे ट्यूमर. आजच्या रोगप्रतिकारशास्त्राचे तीन खांब एकाच वाक्यात, शेजारीशेजारी. स्नायूच्या आधी पेशी म्हणजे घडू लागलेल्या जिवाचा गोळा होता, तेव्हा 'सेल'साठी याहून नेमका शब्द मला तरी सुचत नाही. (कोर्टातली पेशी फारसी 'पेश'वरून आलेली, पेशव्यांच्या घरची. तिचा इथे संबंध नाही.)

आता अर्बुदाशी सायटोकाइनचं नातं. टी-पेशी, म्हणजे एक प्रकारची लिम्फोसाइट, अर्बुदापाशी पोहोचली की इंटरफेरॉन-गॅमा हे सायटोकाइन सोडते. तो निरोप मिळाला की कर्कपेशी आपल्या आतल्या प्रथिनांचे तुकडे पृष्ठभागावर जास्त प्रमाणात मांडू लागते, आणि त्यावरून टी-पेशींना ती ओळखता येते. मारण्याचं काम टी-पेशीचं, ओळख पटवून देण्याचं सायटोकाइनचं. इंटरल्यूकिन-2 हे दुसरं सायटोकाइन टी-पेशींची संख्या वाढवतं. अमेरिकेत 1992 मध्ये पसरलेल्या मूत्रपिंडाच्या कर्करोगासाठी त्याला मान्यता मिळाली. मोठ्या मात्रेत त्याने केशवाहिन्या गळू लागतात, रक्तदाब कोसळतो, म्हणून ते रुग्णालयात देखरेखीखालीच देतात. याच्या उलट टीजीएफ-बीटा हा आणखी एक निरोप: वाढलेल्या अर्बुदात तो टी-पेशींना गप्प करतो, म्हणजे अर्बुदाच्याच कामी येतो. एकाच कुळातले निरोप, काही लढ म्हणणारे, काही थांब म्हणणारे. त्या सगळ्या कुळाला 'विष' म्हणायचं?

खुद्द शास्त्रज्ञांचीही नावं ठेवताना फसगत झालेली आहे. 1975 मध्ये उंदरांची अर्बुदं मरताना दिसली म्हणून एका सायटोकाइनला 'ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर' म्हटलं. आज जगभर त्याला रोखणारी औषधं दिली जातात ती संधिवातासाठी! एका प्रयोगात दिसलेल्या परिणामावरून नाव ठेवलं की असं होतं, आणि 'पेशीविष' तर एकाही प्रयोगातून आलेलं नाही, ते निव्वळ ऐकीव आहे.

'पेशीप्रेरक' म्हणावं, असंही कुणी सुचवतं. अर्थाने जवळचा आहे, पण त्यात टीजीएफ-बीटासारखे आवरणारे बसत नाहीत. मूळ शब्दच ठेवा. पहिल्यांदा येईल तिथे 'पेशींनी निरोपासाठी सोडलेली प्रथिनं' एवढं लिहा आणि पुढे नुसतं सायटोकाइन. अनेकवचन प्रथिन-प्रथिनंसारखं सायटोकाइनं करा, 'सायटोकाइन्स' नको.