सोलापुरात पोहण्याचा कॉस्च्युम घेताना काय बघावं? महिन्याभरात तो सैल का पडतो?

तुमच्या लेकीचा कॉस्च्युम मे संपायच्या आत मागून झिरझिरीत झाला आणि गडद निळ्याचा फिका पडला, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे तो बहुतेक नायलॉन-स्पॅन्डेक्सचा असणार (स्पॅन्डेक्स म्हणजे रबरासारखा ताणला जाणारा धागा). दुकानात सर्रास मिळतात ते याच कापडाचे, साधारण 80 टक्के नायलॉन आणि 20 टक्के स्पॅन्डेक्स. हाताला मऊ लागतात, ताणले की लगेच मागे येतात, म्हणून पटकन पसंत पडतात. पण स्पॅन्डेक्सचा धागा क्लोरीनमध्ये हळूहळू तुटत जातो. एकदा त्याचा ताण गेला की तो परत येत नाही.

रोजच्या बॅचसाठी आतल्या लेबलच्या पट्टीवर पॉलिएस्टर आणि पीबीटी लिहिलेलं बघून घ्या. पीबीटी हाही पॉलिएस्टरचाच प्रकार. त्याच्या धाग्यातच थोडा ताण असतो आणि क्लोरीन त्याला फारसं बाधत नाही. हे कापड जरा कडक लागतं, म्हणून दुकानदार आधी मऊवालाच पुढे करतील. तुम्ही पट्टी वाचायचा आग्रह सोडू नका. थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील.

मापाबद्दल. मूल वाढतंय म्हणून युनिफॉर्म एक साइज मोठा घ्यायची आपली सवय इथे नडते. कॉस्च्युम ओला झाला की आणखी सैलावतो. मग त्यात पाणी भरतं, पट्टे खांद्यावरून घसरतात आणि पोरगी हात मारायचे सोडून पट्टे सावरत बसते. कोरडा असताना तो अंगाला चापून बसायला हवा. घालून दोन्ही हात वर करायला लावा, मग खाली वाकायला लावा. कमरेत ठीक असून खांद्यावर पट्टे रुतत असतील तर उंचीला कमी पडतोय, पुढचा साइज बघा. लहान मुलींना पाठीवर पट्टे जुळणारा घेतला की घसरायचा प्रश्नच मिटतो.

आता तुमचं. तुम्हाला संकोच वाटतो म्हणून लेगिंग आणि टी-शर्टवर चालेल का, असं विचारलंय. सुती कपडे घालून उतरू नका. सूत पाणी पितं, जड होतं, हातपाय मारताना ओढतं आणि त्याचा तूस तलावाच्या फिल्टरमध्ये जातो. बहुतेक तलावांवर परवानगीही नसते. गुडघ्यापर्यंतचे, बाह्यांचे कॉस्च्युम याच पोहण्याच्या कापडात मिळतात, ते निःसंकोच घ्या. ते फक्त लाजणाऱ्या बायकांसाठी असतात असंही मनात आणू नका. 2010 पासूनच्या आंतरराष्ट्रीय नियमांत बायकांना खांद्यापासून गुडघ्यापर्यंतचा कॉस्च्युम चालतो आणि मोठ्या शर्यतींत बहुतेक जणी तोच घालतात. शिवाय उघड्या तलावावर एप्रिलमध्ये सकाळी आठचं ऊनसुद्धा आपल्याकडे चटके देतं, तेव्हा बाह्या असलेल्या बऱ्या. मी स्वतः तसाच वापरते. झालरीचा मात्र टाळा, पाण्यात ती झालर अडते.

खरं नुकसान घरी होतं, म्हणून हे नीट वाचा. तलावात उतरण्याआधी कॉस्च्युमसकट शॉवरखाली उभं राहायचं. साध्या पाण्याने आधीच भिजलेलं कापड क्लोरीनचं पाणी कमी शोषतं. बाहेर आल्यावर पुन्हा शॉवर, मगच कॉस्च्युम उतरवायचा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओला बोळा करून दुपारपर्यंत ठेवू नका. घरी अर्धी बादली गार पाणी, त्यात शाम्पूचे चार थेंब, आणि हाताने नुसतं दाबत धुवायचं. साबणाची वडी, ब्रश, गरम पाणी, ब्लीच, फॅब्रिक कंडिशनर, मशीन यातलं काहीच नको. बोअरचं पाणी जड असेल तर शेवटी नळाच्या साठवलेल्या पाण्याचे दोन-तीन तांबे घालून खळबळा, नाहीतर कापडावर पांढरट थर धरतो.

आणि पिळायचं तर अजिबात नाही. आपला जाड सोलापुरी टॉवेल पसरा, त्यावर कॉस्च्युम सपाट ठेवा, दोन्हींची गुंडाळी करा आणि तळव्यांनी दाबत जा. टॉवेल पाणी ओढून घेतो आणि धाग्याला पीळ बसत नाही. मग सावलीत, पॅसेजमध्ये, कमरेवर दुमडून दोरीवर टाका. पट्ट्यांना क्लिप लावून लोंबकळत ठेवला की पट्टे लांबतात. गच्चीवरच्या चाळीस डिग्रीच्या उन्हाची इथे गरजच नाही, आपल्या कोरड्या हवेत तो सावलीतही बघता बघता वाळतो. उन्हाने रंग विटतो आणि ताणही जातो.

जमलं तर दोन घेऊन आलटून पालटून वापरा, ताणलेल्या कापडाला पूर्ववत व्हायला वेळ मिळतो. काठाच्या खरबरीत फरशीवर बसायचं तर खाली टॉवेल घ्या, नाहीतर बुडाशी गोळे येतात.

नवी पेठेच्या बाजारात जाऊन, अंगावर घालून बघून घेतला तर उत्तमच. ऑनलाइन मागवणार असाल तर छाती-कंबर-नितंबांबरोबर आणखी एक माप घ्या: टेप एका खांद्यावरून पुढून खाली, दोन्ही पायांमधून मागे आणि पाठीवरून परत त्याच खांद्यापर्यंत. साइजच्या तक्त्यात ते ‘टॉर्सो’ म्हणून दिलेलं असतं. एकसंध कॉस्च्युमला हेच माप सगळ्यात आधी जुळवा. आल्यावर अंतर्वस्त्रावरून घालून बघा आणि आतली चिकटपट्टी काढू नका, ती निघाली की बहुधा परत घेत नाहीत.