पाच खंड, एक सही आणि चोवीस हप्ते

नाशिकहून आलेलं पत्र आधी थोडक्यात देते, कारण त्यातला प्रत्येक आकडा पुढे लागणार आहे.

"मॅडम, वय ३९. सातपूरला एका कारखान्यात नोकरी, हातात ७२,००० येतात. बायको क्लासमध्ये शिकवते, तिचे १८,०००. घराचा हप्ता २४,०००, अजून अकरा वर्षं आहे. बाकी घरखर्च ४१,०००च्या आसपास. एफडी ६ लाख, म्युच्युअल फंड ९ लाख. मुलगी सातवीत. तीन वर्षांपूर्वी माझी पहिली फँटसी कादंबरी आली. हजाराची आवृत्ती, किंमत ४००, रॉयल्टी १० टक्के. आजवर ८२० प्रती गेल्या. आता प्रकाशक म्हणतात, पाच खंडांची मालिका द्या, एक लाख आगाऊ देतो. माझ्या डोक्यात दोन-तीन सुट्या कादंबऱ्याही आहेत. मालिका घ्यायची तर दोन वर्षं नोकरी सोडावी लागेल. काय करू? कराराचा मसुदा सोबत जोडलाय."

तुम्ही दोन प्रश्न एकाच पुडीत बांधलेत. नोकरीचा प्रश्न सोपा आहे, तो आधी मोकळा करू.

हप्ता आणि घरखर्च मिळून महिन्याला ६५,००० जातात. तुमचा पगार थांबला की वहिनींचे १८,००० वजा करून दरमहा ४७,००० कमी पडतील. चोवीस महिन्यांचे ११,२८,०००. म्हणजे पंधरा लाखांच्या पुंजीतून सव्वाअकरा लाख गेले, आणि मुलगी नववीत पोचली तेव्हा हातात पावणेचार लाख उरले. बाजार त्या दोन वर्षांत पडलेला असेल तर तेवढेही नाहीत. कंपनीचा मेडिक्लेम बंद, पीएफचा भरणा बंद, आणि ४१व्या वर्षी पुन्हा त्याच पगारावर कुणी घेईल याची खात्री नाही.

हेच उलट बाजूने मांडते. दोन वर्षांचा पगार १७,२८,०००. तुम्हाला एका प्रतीमागे ४० रुपये मिळतात. नुसता गेलेला पगार भरून यायला ४३,२०० प्रती खपायला हव्यात. मराठीत इतकी खपणारी पुस्तकं आहेत, नाही असं नाही, पण त्या आशेवर घराचा हप्ता टांगू नये. अमिश त्रिपाठींचं उदाहरण लोक नोकरी सोडण्यासाठी देतात, म्हणून नीट सांगते. ते वित्तक्षेत्रातच नोकरीला होते, शिवत्रयीचा पहिला भाग २०१०मध्ये आला, आणि रॉयल्टीचा चेक पगारापेक्षा मोठा झाल्यावर त्यांनी नोकरी सोडली. ही गोष्ट त्यांनी स्वतःच अनेकदा सांगितली आहे. आधी चेक, मग राजीनामा. तुमचा चेक तीन वर्षांत मिळून ३२,८०० आहे.

तेव्हा नोकरी राहणार, हे धरूनच पुढचं वाचा. मग मालिका दोन वर्षांत होणार नाही, सहा-सात वर्षं घेईल. इथे खरा प्रश्न सुरू होतो.

मालिकेचा हिशेब सुट्या पुस्तकासारखा होत नाही. दुसरा खंड फक्त पहिला वाचलेला माणूस घेतो, तिसरा फक्त दुसरा वाचलेला. गळती ठरलेली. मी एक अंदाज धरते. हा अंदाज माझा आहे, तो तुमच्या वाचकांवर बांधील नाही. पहिला खंड १,००० प्रती, दुसरा ६००, तिसरा ४५०, चौथा ३६०, पाचवा ३००. बेरीज २,७१०. तुमचे १,०८,४००. त्याउलट पाच सुट्या कादंबऱ्या, प्रत्येकी पहिल्या पुस्तकाइतक्याच म्हणजे ८०० गेल्या, तर ४,००० प्रती आणि १,६०,०००. कष्ट जवळपास तेवढेच. या पातळीवर सुटी पुस्तकं सरळ पुढे आहेत, आणि ही गोष्ट मालिकेचं कौतुक करणारं कुणी सांगत नाही.

पण पहिल्या खंडाने ३,००० गाठले तर? गळती तीच ठेवून बेरीज ८,१३० होते, रक्कम ३,२५,२००. शिवाय प्रत्येक नवा खंड जुन्यांची जाहिरात करतो. चौथा आला की कुणीतरी पहिला मागायला दुकानात जातो. सुट्या कादंबरीचा एक नवा वाचक तुम्हाला ४० रुपये देतो. मालिकेचा एक नवा वाचक या हिशेबाने १०८ रुपये देतो, कारण तो सरासरी २.७१ पुस्तकं घेतो. म्हणजे मालिका हे कर्ज काढून घेतलेल्या जागेसारखं आहे. भाव चढला तर नफा दामदुप्पट, उतरला तरी हप्ते चुकत नाहीत. इथे हप्ते म्हणजे तुमच्या रात्री आणि रविवार. तिसऱ्या खंडाला वाचक उरले नाहीत म्हणून चौथा लिहायचं थांबवलंत, तर पहिले तीनही अडकतात, कारण अर्धवट मालिका कुणी हातात घेत नाही.

ग्रंथालयांचंही एक आहे. मी स्वतः आमच्या भागातल्या वाचनालयाची तीस वर्षं सभासद आहे. कुठल्याही खंडात्मक कादंबरीचा दुसरा भाग कपाटात असतो, पहिला कायम कुणीतरी नेलेला असतो. मराठीत पुस्तकं मोठ्या संख्येने ग्रंथालयंच घेतात, आणि पाच खंड घ्यायचे तर त्यांचंही बजेट बघावं लागतं.

आता आगाऊ रकमेचं. एक लाख ऐकायला बरं वाटतं. मसुद्यात मात्र पाचही खंडांचा हिशेब एकत्र धरलाय. म्हणजे एक लाख फिटेपर्यंत, प्रतीमागे ४० या दराने २,५०० प्रती जाईपर्यंत, तुम्हाला पुढचा रुपया नाही. वरचा माझा अंदाज २,७१०चा होता. त्यातून सहा-सात वर्षांच्या कामानंतर वर मिळणार ८,४००. उद्या पहिला खंड उचलला गेला तरी त्याची कमाई पाचव्या खंडाच्या खड्ड्यात भरली जाईल. प्रत्येक खंडाचा हिशेब वेगळा करून मागा. २०,००० आगाऊ, ५०० प्रतींनंतर रॉयल्टी सुरू. प्रकाशकाच्या खिशातून जास्त काही जात नाही, तुमचा मात्र पहिल्याच खंडापासून हिशेब उघडा राहतो.

याहून मोठी अडचण पान दोनवर आहे. "सर्व भाषांतील, सर्व माध्यमांतील, कायमस्वरूपी हक्क." माझ्या मते या मसुद्यातला सगळ्यात महाग शब्द "कायमस्वरूपी" हा आहे. आपल्याकडे पुस्तकाचा कॉपीराइट लेखकाच्या हयातीत आणि पुढे साठ वर्षं चालतो. कॉपीराइट कायदा, १९५७ सांगतो की हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरायची, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणजे काहीच न लिहिणं तुमच्या फायद्याचं होतं, आणि यांनी लिहून ठेवलंय! सुट्या कादंबरीत हे एका पुस्तकापुरतं नुकसान असतं. मालिकेत मात्र तुम्ही आख्खं जग लिहून देता: पात्रं, नकाशा, देवदेवता, भाषा. उद्या त्याच जगातली बारकी गोष्ट दिवाळी अंकाला द्यायची तरी परवानगी मागत बसाल.

प्रकाशकाच्या हेतूवर माझा संशय नाही. पण संस्था बदलतात, विकल्या जातात. अ‍ॅमेझॉनने वेस्टलँड ही प्रकाशनसंस्था २०१६मध्ये घेतली आणि २०२२मध्ये बंद केली. अमिशसारखी नावं दुसरीकडे गेली, त्यांना घर मिळालं. अशा वेळी मधल्या फळीतल्या लेखकाची दोन खंड झालेली मालिका कोण उचलणार? म्हणून करारात तीन गोष्टी हव्यात. करार एका वेळी एकाच खंडाचा, पुढचा खंड आधी त्यांनाच दाखवीन इतकंच वचन. छापील मराठी हक्क पाच वर्षांसाठी. ई-बुक, ऑडिओ, भाषांतर, पडदा सगळं तुमच्याकडे. आणि प्रती संपून ठरावीक महिन्यांत नवी आवृत्ती आली नाही तर हक्क आपोआप परत. शेवटची अट ते सहज मान्य करतील असं वाटतं, दुसरीवर घासाघीस होईल.

ई-बुकचा हक्क का राखायचा? किंडलवर मराठी पुस्तक स्वतः टाकता येतं, आणि मालिकेला तिथे वेगळा जोर मिळतो. पहिला खंड स्वस्त ठेवून वाचक आत घ्यायचा, पुढचे पूर्ण किमतीला. एक अट माहीत असू द्या: भारतातल्या विक्रीवर ७० टक्के रॉयल्टी हवी असेल तर केडीपी सिलेक्ट या अ‍ॅमेझॉनच्याच योजनेत जावं लागतं, आणि तिथे नव्वद-नव्वद दिवसांसाठी ते ई-बुक दुसरीकडे ठेवता येत नाही.

कुणीतरी तुम्हाला अमेरिकन फँटसी लेखक ब्रँडन सँडरसनचं नाव सांगेलच. २०२२मध्ये त्यांनी किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर चार कादंबऱ्यांसाठी चार कोटी डॉलर्सहून जास्त जमवले. पण ते पैसे देणारे वाचक त्याआधीच्या दीड दशकाच्या पुस्तकांनी तयार केले होते. आणि टॉल्किन यांची 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही तीन खंडांची कादंबरीही मुळात मालिका नव्हतीच. एकच लांबलचक कादंबरी, छपाईचा खर्च झेपावा म्हणून १९५४-५५मध्ये तीन खंडांत काढली. प्रकाशकाला नुकसानीची भीती होती, म्हणून करार असा होता की खर्च निघेपर्यंत लेखकाला काही नाही, पुढे नफ्यात अर्धा वाटा. त्यांना तो फळला. प्राध्यापकाचा पगार चालू होता, हेही विसरू नका.

मला तुमच्या जागी तिसरा रस्ता आवडेल. नारायण धारपांचा समर्थ आठवा. माणूस तोच, गोष्ट दर वेळी पूर्ण. टेरी प्रॅचेट यांनी डिस्कवर्ल्डच्या ४१ कादंबऱ्या एकाच जगात लिहिल्या, आणि वाचक कुठूनही शिरू शकतो. पहिला खंड असा लिहा की तो एकटा उभा राहील, शेवट लागेल, फक्त एक दार उघडं असेल. तो दीड वर्षात १,५०० प्रतींच्या वर गेला तर दुसरा त्याच जगात लिहा. नाही गेला तर डोक्यातली सुटी कादंबरी काढा. १,५०० हा आकडा मी हिशेबाने काढलाय: वरच्या गळतीने १,५००च्या पहिल्या खंडावर पाच खंडांचे १,६२,६०० होतात, म्हणजे पाच सुट्या पुस्तकांच्या जरा वर. हा आकडा आत्ताच डायरीत लिहून ठेवा, निकाल लागल्यावर बदलू नका. आपण सगळेच शेअर घेताना ठरवलेला तोटा सोसायची वेळ आली की "अजून एक महिना" म्हणतो.

कराचं पटकन. लेखकांच्या रॉयल्टीवर तीन लाखांपर्यंतची वजावट, जुन्या कायद्यात ८०क्यूक्यूबी नावाची, फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. तुम्ही नव्या प्रणालीत असाल तर एवढ्या रॉयल्टीसाठी उलटं फिरू नका. वर्षाला ५०,०००च्या वर रक्कम गेली की १० टक्के टीडीएस कापला जाईल, तो विवरणपत्रात दाखवा. १ एप्रिल २०२६पासून नवा आयकर कायदा लागू आहे, कलमांचे क्रमांक तुमच्या सीएकडून तपासा.

टर्म इन्शुरन्सचा पत्रात उल्लेख नाही. घराचं कर्ज आणि मुलीचं वय बघता किमान एक कोटीचा घ्या, या महिन्यातच. आणि मृत्युपत्रात पुस्तकांचे हक्क व टिपणवह्या वहिनींच्या नावे लिहा. अमेरिकन फँटसी लेखक रॉबर्ट जॉर्डन २००७मध्ये गेले तेव्हा मालिका अपुरी होती. टिपणं मागे होती आणि पत्नी स्वतः संपादक होत्या, म्हणून २०१३मध्ये ती दुसऱ्या लेखकाच्या हातून पुरी झाली.

प्रकाशकांना मसुदा परत पाठवताना मुदतीची ओळ स्वतः खोडा आणि शेजारी "पाच वर्षे" लिहून आद्याक्षरी करा. ते काय म्हणतात ते कळवा. सही त्यानंतर.