युद्धातल्या दंतकथा समाजाची ओळख कशी घडवतात?

माझ्या मते सगळ्यात आधी भाषेतून. पानिपतच घ्या, १४ जानेवारी १७६१. गणिताच्या पेपरात दांडी उडाली तरी आपण 'पानिपत झालं' म्हणतो. पेशव्यांचे पुत्र विश्वासराव त्या लढाईत पडले, त्यावरून 'विश्वास पानिपतात गेला' हे तर अजून ऐकू येतं.

'संक्रांत कोसळली' हेही त्याच दिवसाचं म्हणून सांगतात. गंमत अशी की तेव्हा संक्रांत १४ तारखेला येतच नसे. अयनचलनामुळे, म्हणजे पृथ्वीच्या अक्षाची दिशा हळूहळू बदलत असल्यामुळे, ती साधारण सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. विवेकानंद जन्मले संक्रांतीला, ती तारीख होती १२ जानेवारी १८६३. त्याच्याही शंभर वर्षं मागे जा, ती १० च्या आसपास येते. म्हणजे लढाईआधीच होऊन गेलेली. पण हे घरात सांगून बघा! मी सांगितलं तर मामांनी हातावरचा तिळगूळ परत घेतला.

पानिपतावरचे मराठ्यांचे सेनापती सदाशिवरावभाऊ, म्हणजे भाऊसाहेब, यांचं प्रकरण त्याहून मोठं. ते गेले यावर त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी कधी विश्वास ठेवला नाही, कुंकू लावतच राहिल्या. लोकांचंही मन तयार नव्हतं. म्हणून तर एक तोतया 'मीच भाऊ' म्हणत उठला आणि कोकणात फौज, किल्ले मिळवून बसला. १७७६ मध्ये त्याला पकडून मारलं तेव्हा लढाईला पंधरा वर्षं झाली होती. एवढ्या काळानंतरही लोक त्याच्यामागे गेले, कारण हरलेला सेनापती परत यावा असं त्यांना वाटत होतं.