फ्यूजलाजच्या भिंतींना दुसरा फोम चालेल का?

लाँग-ईझी या घरी बांधायच्या विमानाच्या प्लॅन्समध्ये फ्यूजलाजच्या, म्हणजे विमानाच्या धडाच्या, भिंतींसाठी ३/८ इंच जाडीचा पीव्हीसी फोम सांगितलाय आणि तो महाग पडतो. पंखांत निळा पॉलिस्टायरीन चालतो, मग भिंतींना तो किंवा पीईटी फोम का नको, असं तुम्ही विचारलंय.

निळा अजिबात नको. पंखात तो शोभतो, कारण गरम तारेने झटकन हवा तसा कापता येतो आणि तिथे पेट्रोल नसतं. या विमानाचे रचनाकार बर्ट रुटननी टाक्या ठेवल्या स्ट्रेकमध्ये, म्हणजे पंखाच्या मुळाशी धडाला लागून असलेल्या पसरट भागात, आणि त्या टाकीची आतली बाजू म्हणजे फ्यूजलाजचीच भिंत! तिथे सुईच्या टोकाएवढं भोक राहिलं तरी पेट्रोल फोमपर्यंत पोचणार. मी बरणीच्या झाकणात थोडं पेट्रोल घेऊन दोन्ही फोमचे तुकडे त्यात उभे केले होते. निळ्याचा खालचा भाग बघता बघता विरघळून चिकट झाला, पीव्हीसीचा तुकडा होता तसाच. विमानात हे घडलं तर फोमवर चिकटवलेलं ग्लासफायबरचं कापड बाहेरून शाबूत दिसेल आणि आत पोकळी झालेली असेल.

पीईटीचा विचार करायला हरकत नाही. उष्णता तो चांगली सोसतो. पण घनता सारखी म्हणून बदली करू नका. भिंतीवर दाब आला की त्या ग्लास कापडाची पातळ कातडी सुरकुतायला बघते; तिला धरून ठेवतो तो फोमचा ताठपणा. त्याच घनतेला पीईटी पीव्हीसीपेक्षा मऊ पडतो, म्हणून जड प्रत घ्यावी लागते. शिवाय त्याची ताकद एका दिशेत जास्त, दुसरीत कमी.

आधी पट्ट्या करा: ३ इंच रुंद, १२ इंच लांब, दोन्ही फोमच्या, त्याच कापडाच्या, त्याच इपॉक्सी रेझिनच्या, एकाच दिवशी. ले-अपच्या, म्हणजे फोमवर रेझिनने कापड बसवण्याच्या, आधी आणि नंतर वजन करा. मोठ्या छिद्रांचा फोम रेझिन पितो, तिथेच बचत संपते. पूर्ण सुकल्यावर दोन टेकूंवर ठेवून मधोमध बादली टांगा, हळूहळू पाणी भरा. किती लिटरला मोडली एवढंच नको, कशी मोडली तेही लिहून ठेवा: वरची कातडी सुरकुतली, की फोममध्ये तिरकी चीर गेली? मग पकडीने कातडी सोलून बघा. तिच्या मागे फोम चिकटून आला तर जोड चांगला. कोरी निघाली तर मायक्रो (कापडाआधी फोमला लावायचा, बारीक काचगोळ्या मिसळलेल्या इपॉक्सीचा लेप) कमी पडलंय, पुन्हा करा.

प्रयोगाची हौस असेल तर आर्मरेस्ट किंवा कन्सोलच्या झाकणावर भागवा. भिंतींना प्लॅनमधलाच फोम लावा.