नेपाळसारख्या देशात परदेशातून एवढा पैसा येतो, तरी तो देश गरीब का? केरळला जे जमलं ते त्यांना का जमत नाही?

कारण तो पैसा देशाकडे येत नाही, घराकडे येतो. घर सुधारतं, यात मला शंका नाही. देश सुधारायला आणखी बरंच काही लागतं.

मी नांदेड जिल्ह्यात, देगलूरच्या बाजूला एका बँकेत कॅशियर होतो. तेलंगणाची हद्द जवळच. पलीकडचा निजामाबाद-करीमनगर पट्टा कित्येक वर्षांपासून आखातात माणसं पाठवतोय, ते लोण आमच्याकडेही आलं. गवंडी, ड्रायव्हर, शिंपी, एसी दुरुस्त करणारी पोरं. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात गल्ल्यासमोर बायकांची रांग लागायची. हातात चिठ्ठी, चिठ्ठीवर पैसे उचलायचा, फोनवरून उतरवून घेतलेला दहा आकडी नंबर. सही अडखळत करणाऱ्या बाईलाही दिरहमचा, म्हणजे दुबईच्या चलनाचा, भाव मात्र तोंडपाठ असायचा. 2013 च्या ऑगस्टमध्ये डॉलर 68 रुपयांच्या वर गेला तेव्हा टीव्हीवर सगळे चिंतेत, आणि इथं एक काकू विचारत होत्या, "साहेब, आजच उचलू का आणखी दोन दिस थांबू?" दिरहम डॉलरला बांधलेला, त्यामुळे तोही साडेअठरा रुपयांपर्यंत चढला होता. पगार तोच, घरी पडणारे रुपये जास्त. फिलिपिन्समध्ये 1997 च्या आशियाई आर्थिक संकटात त्यांचा पेसो कोसळला तेव्हा हेच झालं होतं. ज्यांचं माणूस परदेशात होतं त्या घरांतली पोरं शाळेत टिकली, बालमजुरी घटली, काहींनी धंदेही टाकले, असं अभ्यासकांना आढळलं.

आता पैसा जातो कुठे ते बघा. पहिलं वर्ष, कधी दीड वर्ष, एजंटसाठी काढलेलं कर्ज फेडण्यात जातं. मग घरावर स्लॅब चढतो. मग बहिणीचं लग्न. मग बोअर, आणि आमच्याकडे पाचशे फूट खाली गेलं तरी फुफाटा निघायची तयारी ठेवावी लागते. लोक याला उधळपट्टी म्हणतात, मला ते पटत नाही. पण सिमेंट, सोनं, मोटारसायकल यातलं काहीच गावात तयार होत नाही. गवंड्याची मजुरी आणि दुकानदाराचा नफा तेवढा गावात राहतो, बाकी पैसा आला तसा बाहेर.

या पैशाचा मोठा गुण म्हणजे तो पावसावर अवलंबून नाही. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्या साली सोयाबीनवर विसंबलेली घरं सावकाराच्या दारात गेली, पण दुबईहून येणारा हप्ता चुकला नाही. देशांचंही असंच असतं. शेअर बाजारातला परदेशी पैसा संकट दिसताच पळतो, पोराचा पैसा उलट अडचणीतच जास्त येतो. 2020 मध्ये कोरोना आला तेव्हा जागतिक बँकेने जगभर अशा रकमा 20 टक्क्यांच्या आसपास घसरतील असा अंदाज बांधला होता. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांकडे जाणाऱ्या रकमांतली घट प्रत्यक्षात दोनेक टक्क्यांचीच निघाली.

पण जातं कोण? पासपोर्ट, मेडिकल, व्हिसा, तिकीट, एजंट, एवढा खर्च ज्याला कुठूनतरी उभा करता येतो तोच. ज्याच्याकडे गहाण टाकायलाही काही नाही तो कोयता घेऊन मुकादमाची उचल उचलतो आणि दसरा-दिवाळीनंतर बायकोसह पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात ऊस तोडायला जातो. तेही स्थलांतरच, पण त्यात पैसे आधी मिळतात आणि ते फेडायला घाम नंतर गाळायचा. हंगाम संपला तरी उचल फिटली नाही की पुढच्या वर्षी परत तोच मुकादम. आखातवाल्याचं कर्ज निदान संपतं. म्हणून परदेशी पैशाने गरिबी कमी होते हे खरं, पण सगळ्यात तळाच्या माणसापर्यंत तो क्वचितच पोचतो.

नेपाळकडे वळू. त्यांच्या अर्थव्यवस्थेच्या साधारण चौथ्या हिश्शाएवढी रक्कम बाहेरून येते. 1995-96 मध्ये 42 टक्के लोक गरिबीरेषेखाली होते, 2010-11 पर्यंत ते प्रमाण 25 टक्क्यांवर आलं, आणि त्यात या पैशाचा मोठा वाटा मानला जातो. म्हणजे नेपाळला काहीच जमलं नाही, हे तुमचं गृहीतक तितकंसं बरोबर नाही. अडचण पुढची आहे. तरणी पोरं बाहेर, डोंगरातली शेतं पडीक, आणि आलेल्या पैशातून आयात मालाची खरेदी. त्या आयातीवरच्या करातून सरकारची तिजोरी भरते. कारखाने उभे करा म्हणून सरकारच्या मागे लागायला उरतं कोण? ते तर कतारात.

केरळमध्ये शाळा आणि दवाखाने आखाती पैशाच्या आधीपासून होते. त्यामुळे तिथून नर्स, अकाउंटंट, टेक्निशियनही गेले, फक्त हमाल नाही. मोठ्या पगाराचं माणूस बाहेर आणि पैसा वापरता येईल अशा सोयी घरी, अशी ती जोडी जमली. कारखाने मात्र तिथेही फारसे आले नाहीत, हे विसरू नका. आणि रिझर्व्ह बँकेच्या पाहणीत परदेशातून देशात येणाऱ्या रकमेत 2023-24 साली महाराष्ट्र पहिला, वाटा साधारण 20 टक्के, हे वाचून मराठवाड्यात पैशाचा पूर आला असं समजू नका. तो आकडा अख्ख्या राज्याचा आहे, त्यात मुंबई-पुणेही आले.

सरकारला करण्यासारखं विचाराल तर मी आधी एजंटाकडे बोट दाखवीन. नियमाप्रमाणे नोंदणीकृत एजंटाला 30,000 रुपये आणि वर जीएसटी, एवढंच घेता येतं. गल्ल्यासमोर ऐकलेले आकडे याच्या कितीतरी पुढचे असत, आणि पावती कुणाकडेच नसायची. ही एक गळती बुजवली तरी पहिल्या वर्षाचा पगार सावकाराऐवजी घरात येईल. पैसे पाठवण्याचा खर्च दुसरा. जगात सरासरी 200 डॉलर पाठवायला सहा टक्क्यांहून जास्त जातात, 2030 पर्यंत ते तीनच्या खाली आणायचं संयुक्त राष्ट्रांनी ठरवलंय. तुमच्या ओळखीचं कुणी निघालं असेल तर एजंटाचा नोंदणी क्रमांक परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट साइटवर आधी बघा आणि मगच पैसे मोजा.