आजोबांची ट्रंक आणि मुलीची चित्रं

खानापूर तालुक्यातल्या एका वडिलांनी लिहिलंय: मुलीने बीव्हीए (दृश्यकलेतली पदवी) केलं, वय 23. आजोबा मुंबईच्या गिरणीत होते, 1982 च्या संपानंतर गावी परतले. तिला आपल्या घराच्या या स्थलांतरावरच चित्रं करायची आहेत. 'पोटापाण्याचं काय, ते सांगा की.'

नमस्कार. पोटापाण्याचं आधी. पहिली काही वर्षं नुसती चित्रं विकून भागेल असं धरून चालू नका. शाळेत कलाशिक्षण, पुस्तकांची बोधचित्रं, डिझाइन यांतलं एखादं काम तिने जोडीला धरावं. त्यात कमीपणा नाही. बेळगावात चित्रकार के. बी. कुलकर्णींच्या हाताखाली शिकलेले रवी परांजपे बोधचित्रांतूनच मोठे झाले.

आता विषयाचं. माळ्यावरच्या ट्रंकेत गिरणीचा पास, मनीऑर्डरच्या पावत्या आणि आजीला आलेली पोस्टकार्डं आहेत, हे तुम्ही जाता जाता लिहिलंय. अहो, तिचं खरं भांडवल तेच आहे! 'स्थलांतर' म्हणून रिकाम्या बॅगा आणि रेल्वेचे रूळ रंगवणारे पुष्कळ आहेत. तुमच्या वडिलांनी कोणत्या महिन्यात किती रुपये धाडले, हे फक्त तुमच्या घरात आहे. छापचित्रकार झरीना हाश्मी यांनी अलीगढच्या आपल्या घराचा आराखडा छापचित्रांत उतरवला. स्वतःच्याच घराला धरून राहिल्या, म्हणून तर ती चित्रं लांबच्या माणसालाही भिडतात.

ट्रंक या पावसाळ्याआधी उघडा. तुमच्याकडच्या पावसात कागदाला बुरशी धरायला वेळ लागत नाही. पोस्टकार्डाच्या दोन्ही बाजू स्कॅन करा, शिक्क्यावरची तारीख टिपून ठेवा, फाटलं असेल तिथे चिकटपट्टी मात्र लावू नका. आणि आजी आहेत तोवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करा. प्रश्न मुलीने विचारावेत. तुम्ही शेजारी बसा, आजी अडल्या तर नावं तुम्हालाच आठवतील.

यातून दहा-बारा चित्रांची एक मालिका पुरी झाली, की मगच बडोद्याच्या किंवा बेंगळुरूच्या एमव्हीएचा (दृश्यकलेतल्या पदव्युत्तर पदवीचा) विचार करावा. तिथे पोर्टफोलिओ, म्हणजे निवडक कामांचा संच, पाहतात. बेंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स कलाप्रकल्पांना अनुदान देते आणि प्रस्ताव मराठीतूनही घेते, त्यामुळे इंग्रजीच्या धास्तीने थांबू नका. केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठीची शिष्यवृत्ती दोन वर्षं दरमहा 5,000 रुपयांची आहे. तिला वयाची अट 18 ते 25, तेव्हा यंदाची जाहिरात चुकवू नका.